जॉनी कॅरी : सगळ्या जागांचा खेळाडू

जॉनी कॅरीचा जन्म २३ फेब्रुवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये झाला. लहानपणी तो गेलिक फुटबॉल खेळला. चेंडू हातातही घेता येतो असा हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ. पुढे डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट क्लबकडून तो सॉकर खेळू लागला आणि थोड्याच सामन्यांत मँचेस्टर युनायटेडच्या नजरेत भरला. नोव्हेंबर १९३६ मध्ये युनायटेडने २५० पौंड मोजून त्याला इंग्लंडला नेलं. तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

१९३७ मध्ये तो युनायटेडसाठी पहिला सामना खेळला तेव्हा संघ दुसऱ्या विभागात होता. त्याच हंगामाअखेर संघ पहिल्या विभागात परतला. कॅरीचा जम बसतो न बसतो तोच महायुद्ध सुरू झालं. आयर्लंड तटस्थ होता, त्यामुळे त्याला मायदेशी सुखाने परतता आलं असतं. पण ज्या देशात आपण पोट भरतो त्याच्यासाठी लढायला हवं, या भावनेने तो ब्रिटिश सैन्यात गेला. खेळाडूच्या उमेदीची वर्षं त्यात गेली.

युद्धानंतर मॅट बझबी व्यवस्थापक झाले आणि त्यांनी कॅरीला कर्णधार केलं. मूळचा हा आघाडीचा खेळाडू; बझबींनी त्याला मागे आणून बचावात खेळवलं. कॅरी धसमुसळेपणा करत नसे. समोरचा चेंडू कुठे देणार हे आधी ओळखून तो तिथे पोचलेला असे, आणि चेंडू मिळाल्यावर नुसता दूर भिरकावून न देता आपल्या माणसाच्या पायाशी पोचवत असे. युनायटेडसाठी तो तब्बल नऊ वेगवेगळ्या जागांवर खेळला. १९५३ मध्ये संडरलंडविरुद्ध गोलरक्षक आजारी पडला, तर कॅरी गोलपोस्टमध्येही उभा राहिला.

युद्धकाळातल्या बॉम्बहल्ल्यात युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झालं होतं. १९४९ पर्यंत घरचे सामनेही प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मेन रोडवर खेळावे लागले. १९४८ च्या एफए कपमध्ये तर, सिटीचेही सामने असल्याने, घरच्या लढतींसाठी लिव्हरपूल आणि हडर्सफील्ड गाठावं लागलं. तरीही कॅरीचा संघ अंतिम फेरीत पोचला. २४ एप्रिलला वेम्बलीवर समोर ब्लॅकपूल होता, स्टॅनली मॅथ्यूज आणि मॉर्टेन्सनचा. मध्यंतराला युनायटेड १-२ असा मागे होता. शेवटच्या वीसेक मिनिटांत राउलीने बरोबरी साधली, मग पीअरसन आणि अँडरसनने गोल केले आणि ४-२ असा कप कॅरीच्या हाती आला. पुढच्या वर्षी क्रीडापत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू निवडलं. लीगमध्ये मात्र दुसरा क्रमांक चार वेळा पदरी पडला. विजेतेपद आलं ते १९५२ मध्ये.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द तर आज खरी वाटू नये अशी आहे. बेलफास्ट आणि डब्लिन इथल्या दोन्ही संघटना त्या काळी ‘आयर्लंड’ म्हणूनच संघ उतरवत, आणि काही खेळाडू दोन्हींकडून खेळत. २८ सप्टेंबर १९४६ रोजी कॅरी बेलफास्टमध्ये इंग्लंडविरुद्ध खेळला. संघ २-७ असा हरला. दोनच दिवसांनी डब्लिनमध्ये दुसऱ्या आयर्लंडकडून तो त्याच इंग्लंडसमोर उभा राहिला आणि या वेळी हार फक्त ०-१ अशी, टॉम फिनीच्या एका गोलाने झाली. मे १९४७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर उर्वरित युरोप संघाचं नेतृत्वही त्याच्याकडे आलं. ग्रेट ब्रिटनने तो सामना ६-१ असा जिंकला.

सर्वांत मोठा दिवस २१ सप्टेंबर १९४९ चा. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर कॅरीच्या आयर्लंडने, म्हणजे डब्लिनच्या संघटनेच्या संघाने, इंग्लंडला २-० असं हरवलं. कॉन मार्टिनने पेनल्टीवर पहिला गोल केला; दुसरा पीटर फॅरेलने, म्हणजे याच मैदानावर एव्हर्टनकडून खेळणाऱ्या माणसाने. इंग्लंडला घरच्या मैदानावर हरवणारा पहिला परदेशी संघ म्हणून १९५३ च्या हंगेरीचं नाव घेतलं जातं. त्या मानाचा खरा हक्कदार हा आयरिश संघ आहे, आणि हे ठासून सांगायला हवं.

१९५३ मध्ये कॅरी निवृत्त झाला. व्यवस्थापक म्हणून त्याने ब्लॅकबर्न रोव्हर्सला १९५८ मध्ये आणि लेटन ओरिएंटला १९६२ मध्ये पहिल्या विभागात नेलं. मधल्या काळात एव्हर्टनच्या अध्यक्षांनी त्याला टॅक्सीत बसल्याबसल्या काढून टाकलं होतं. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९६७ मध्ये त्याच्याच हाताखाली लीगमध्ये दुसरा आला. या सगळ्याच्या जोडीला १९५५ ते १९६७ आयर्लंडच्या संघाची जबाबदारी त्याच्याकडे होती, पण खेळाडू निवडत असे संघटनेची समिती. २२ ऑगस्ट १९९५ रोजी त्याचं निधन झालं.