कात्रणाची तारीख



जपून ठेवलेल्या वाचनाविषयीं बोलावें अशी सूचना आकाशवाणीकडून आली, तेव्हां मला थोडा संकोच वाटला. मी कांहीं पंडित नव्हे. शालान्त परीक्षेनंतर मी महाविद्यालयाची पायरी चढलों नाहीं. मराठी शाळेंत मुलांना बाराखडी, पाढे आणि थोडाफार इतिहास शिकविण्यांत माझी सारी नोकरी गेली. परंतु आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, आणि तींत राजकारण व समाज या दोन विषयांवरचीं पन्नास वर्षांचीं कात्रणें आहेत. घरच्या मंडळींनीं त्या पेटीला 'गुरुजींची रद्दी' असें नांव ठेवलें आहे. रद्दी आणि संग्रह यांत फरक कोणता, हें त्यांना पटवून देणें मला आजवर साधलेलें नाहीं. आज आपल्यापुढें करून पाहतों.

आमचें फोंडाघाट हें गांव देवगड-निपाणी रस्त्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेलें. घाट चढून गेलें म्हणजे दाजीपूर, राधानगरी आणि पुढें कोल्हापूर. उलट दिशेनें उतरत गेलें म्हणजे समुद्र. या रस्त्यानें मिठामासळीबरोबर आणि गुळाबरोबर मतेंही ये-जा करीत आलीं आहेत. माझ्या तरुणपणीं एका एस.टी. गाडीनें मुंबईचें वर्तमानपत्र येई, दुसरीनें घाटावरचें. मुंबईचें बहुधा शिळें होऊनच पोंचे. एकाच घटनेवर दोन पत्रें दोन तऱ्हांनीं लिहितात, हें मला कोणी शिकवावें लागलें नाहीं. स्टँडवर उभ्या उभ्या तें कळलें. त्या दोहोंतला फरक दुसऱ्या दिवशीं पुन्हां ताडून पाहावा, एवढ्याच हेतूनें मीं कात्री हातीं घेतली.

वर्तमानपत्र ही गोष्ट आमच्या मुलखाला परकी नाहीं. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' काढलें, आणि मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांतून तें आठ वर्षांहून अधिक काळ चाललें. पुढें लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकांत आलीं. आज तीं ग्रंथरूपानें मिळतात म्हणून आपण त्यांना ग्रंथ समजतों. मुळांत तीं आठवड्याच्या आठवड्याला वाचून बाजूस टाकण्याच्या कागदावर छापलेलीं होतीं. कोणी तरी ते अंक राखले म्हणून तीं पत्रें राहिलीं. शिवरामपंत परांजपे यांच्या 'काळ' पत्रांतील निबंधांचे संग्रह तर इंग्रज सरकारनें जप्त केले, आणि ती बंदी १९३७ सालीं उठली. तशा पुस्तकाची प्रत घरांत राखणें ही त्या काळीं छातीची गोष्ट होती. माझ्या पेटीवर कोणत्याही सरकारचा डोळा नाहीं. तिला शत्रु एकच, आणि तो म्हणजे कसर.

कसरीवरून थोडें व्यवहाराचें सांगतों. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा असतो. उजेडानें आणि हवेनें तो पिवळा पडतो, आणि कोंकणच्या पावसांत त्याला दमट वास येऊं लागतो. पुष्कळ लोक कात्रणें वहींत खळीनें चिकटवितात. खळ म्हणजे पीठ, आणि पीठ म्हणजे किड्यांना आमंत्रण. मी तीं सुटींच पाकिटांत ठेवतों, एका वर्षास एक पाकीट, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. दिवाळीच्या सुमारास पेटी पडवींत आणून कात्रणांना वारा देतों. ऊन देत नाहीं. आणि कात्री लावण्यापूर्वीं समासांत पेन्सिलीनें पत्राचें नांव आणि तारीख लिहितों. ज्या कात्रणावर तारीख नाहीं त्याला पेटींत जागा नाहीं. या बाबतींत माझी शिस्त शाळेपेक्षांही कडक आहे!

१९७५ सालीं मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों, आणि त्याच वर्षीं २५ जूनच्या रात्रीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. त्या काळचें पाकीट साऱ्या पेटींत पातळ आहे. पत्रांवर नियंत्रण असल्यामुळें कापून ठेवावें असें छापूनच येत नसे. १९७७ च्या मार्च महिन्याचें पाकीट त्यामानानें इतकें फुगलें कीं त्याचीं दोन करावीं लागलीं. आज कोणी मला त्या वीस-एकवीस महिन्यांविषयीं विचारलें, तर मी आधीं तीं दोन्ही पाकिटें नुसतीं हातांत देतों. जें छापलें गेलें नाहीं, त्याचें वजन हाताला कळतें.

कात्रणाला पाठही असते. आपण पुढील बाजूचा अग्रलेख कापतों आणि मागील बाजूला काय कापलें जातें तिकडे लक्ष देत नाहीं. मीं एकदां पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत सारीं कात्रणें उलटीं करून वाचलीं. पुढें पुढाऱ्यांचीं भाषणें, परिसंवाद, ठराव. मागें तांदळाचे भाव, सोडतीचे निकाल, आणि 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे'. जातिनिर्मूलनावरील एका उत्तम व्याख्यानाच्या पाठीवर सात विवाहविषयक जाहिराती आहेत. त्यांपैकीं सहांत जात आणि पोटजात दोन्ही छापलेल्या आहेत. सातव्या जाहिरातींत जातीची अट नाहीं, पण रंग गोरा हवा. समाज पाहावयाचा असेल तर पाठ वाचावी, अशी माझी समजूत त्या पावसाळ्यापासून झाली आहे.

तारखेचें एवढें माहात्म्य कां, याचें उदाहरण आपल्याच भागांतलें देतों. वेंगुर्ल्यास जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. पेटींतलीं १९६७ चीं कात्रणें माझीं नव्हेत, मी तेव्हां चौथींत होतों. माझ्या एका शिक्षकांनीं निवृत्त होतांना तीं माझ्या स्वाधीन केलीं. त्या वर्षीं २७ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयानें गोलकनाथ खटल्यांत सहा विरुद्ध पांच अशा बहुमतानें निर्णय दिला कीं, नागरिकांचे मूलभूत हक्क संकुचित करण्याचा अधिकार संसदेला नाहीं. नाथ पै यांना हें मान्य नव्हतें. जनतेनें निवडलेल्या संसदेचे हात असे कायमचे बांधले जाऊं नयेत, अशी त्यांची भूमिका होती; आणि घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारें खाजगी विधेयक त्यांनीं त्याच वर्षीं लोकसभेंत मांडलें. तें त्यांच्या हयातींत संमत झालें नाहीं. १८ जानेवारी १९७१ रोजीं बेळगांवीं त्यांचें निधन झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें आणलेल्या चोविसाव्या दुरुस्तीनें संसदेला तो अधिकार मिळाला.

आतां पुढचें पाकीट. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती खटल्याचा निकाल. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. दुरुस्ती करतां येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडतां येणार नाहीं. त्यापुढचें १९७६ चें. बेचाळिसाव्या दुरुस्तीनें असें ठरविलें कीं, संसदेनें केलेल्या घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयांत आव्हान देतां येऊं नये. नुसते शब्द पाहिले तर १९६७ च्या भूमिकेपासून हे फार दूर नाहींत. परंतु १९६७ सालीं विरोधी बांकावरचा एक समाजवादी सभासद तें बोलत होता, आणि ज्याला पटत नव्हतें तो उठून तसें सांगूं शकत होता. १९७६ सालीं तें सत्ता बोलत होती आणि प्रतिवाद करणाऱ्यांपैकीं कितीएक तुरुंगांत होते. नाथ पै यांच्यामागून त्याच राजापुरांतून निवडून गेलेले प्राध्यापक मधु दंडवते आणीबाणींत बंगळूरच्या कारागृहांत स्थानबद्ध होते. नाथ पै हयात असते तर ते कोठें उभे राहिले असते? दंडवत्यांच्या शेजारीं, असें माझें मत आहे; पण तें माझें मत. त्याचें कात्रण पेटींत नाहीं, आणि असूं शकत नाहीं. पुढें दंडवते ज्या मंत्रिमंडळांत होते त्याच्या कारकीर्दींत, १९७८ सालीं, चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली आणि आणीबाणी पुकारण्याचा मार्ग बराच अरुंद झाला. आणि बेचाळिसाव्या दुरुस्तीचें तें कलम सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं मिनर्व्हा मिल्स खटल्यांत रद्द ठरविलें.

हें सारें सांगण्याचें कारण असें घडलें. दोन वर्षांमागें माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळचा आला. त्याच्या मुलीचें वक्तृत्व स्पर्धेंतलें भाषण तयार होत होतें. मोबाईलवर आलेला एक मजकूर त्यानें पुढें केला. संसदेच्या अधिकारावर कोणीही मर्यादा घालूं नये अशा आशयाचें एक वाक्य, खालीं नाथ पै यांचें नांव, बाजूला त्यांचें छायाचित्र. तारीख नाहीं, स्थळ नाहीं. "गुरुजी, ह्यां खरां काय?" एवढेंच त्यानें विचारलें. खोटें म्हणावें तर आशय त्यांच्या भूमिकेशीं जुळत होता. खरें म्हणावें तर ज्यानें तो मजकूर फिरविला त्याला १९६७ ची चर्चा अभिप्रेत नव्हती, त्याला आजच्या वादांत एक मेलेला साक्षीदार हवा होता. मीं चार पाकिटें काढून मुलीपुढें ठेवलीं. तिनें रात्रीं बसून सनांसह टिपणें काढलीं. स्पर्धेंत वेळ तीन मिनिटांची. ती १९७३ पर्यंत पोंचली आणि घंटा झाली. बक्षीस अर्थातच दुसऱ्याला गेलें. तरीही परत येऊन तिनें विचारलें कीं, १९६७ सालीं नाथ पैंच्या विधेयकाला विरोध करणारे काय म्हणत होते? चाळीस वर्षांच्या शिक्षकीच्या व्यवसायांत इतका नेमका प्रश्न माझ्या वाट्याला क्वचितच आला.

मुंबईस असणारा आमचा मुलगा म्हणतो, "अण्णा, आतां सगळें मोबाईलवर मिळतें, पेटी कशाला?" मिळतें, हें खरें. पण तेथील मजकूर कोणी मागाहून बदलला तर खाडाखोड दिसत नाहीं, आणि काढून टाकला तर भोंकही राहत नाहीं.

तारीख जशी सावध करते तशी कधीं धीरही देते. खोती म्हणजे काय हें आजच्या शहरी श्रोत्यांस सांगावें लागेल. सरकार आणि कूळ यांच्यामध्यें बसून सारा वसूल करणारा तो खोत. आणि रत्नागिरी-कुलाब्याकडील कुळांना त्याच्याकडून काय सोसावें लागे, तें आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यांत अजून आहे. डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९३८ च्या जानेवारींत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर गेला. विधेयक संमत झालें नाहीं. त्या आठवड्याचें पत्र वाचून बाजूस ठेवणाऱ्याला हा विषय संपला असेंच वाटलें असेल. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ सालीं, म्हणजे बारा वर्षांनीं; आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचा कृषकदिन उगवला १ एप्रिल १९५७ रोजीं. या विषयाचें पाकीट मीं मागाहून, शासनानें प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या ग्रंथांवरून टिपणें काढून तयार केलें आहे. तेवढ्या एका पाकिटांत कात्रण नाहीं, माझें अक्षर आहे.

सध्यां मी पेटीची यादी करीत आहें. प्रत्येक कात्रणास क्रमांक, तारीख, पत्राचें नांव, आणि शेवटच्या रकान्यांत 'पुढें काय झालें' ही नोंद. हा शेवटचा रकाना भरावयास फार वेळ लागतो, आणि कांहीं ठिकाणीं तो कोराच ठेवावा लागतो, कारण पुढें अजून कांहीं झालेलेंच नाहीं. यादी पुरी झाली म्हणजे पेटी एखाद्या वाचनालयाच्या स्वाधीन करावी असें मनांत आहे. अट एवढीच कीं, पाकिटें वर्षवार राहावींत, विषयवार लावूं नयेत. १९९१ पर्यंत मजल आली आहे. टिपणें काढावयास ती मुलगी रविवारीं येते, आणि कात्रणांच्या पाठीं तीच वाचते.