रुग्ण घरी परततो तेव्हा
(वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शस्त्रक्रियेचा खर्च ताळेबंदात दिसतो. तोच रुग्ण घरी गेल्यावर उंबरठ्याला ठेचकाळून पुन्हा दाखल झाला, तर त्या खर्चाचे कारण मात्र कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही. वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्या माणसाला ही उणीव खटकते, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

भिवंडीतील कामगाराचे घर म्हणजे बहुधा एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा आणि त्यावर जाणारी उभी लोखंडी शिडी. दृष्टी मंदावलेला मनुष्य कानांवर विसंबतो. पण शेजारी यंत्रमागांचा खडखडाट चालू असेल तर कानही साथ देत नाहीत. अशा घरात हातांना आधार आणि डोळ्यांना रंगभेद मिळावयास हवा. उंबरठ्यावर व पायरीच्या कडेला पिवळ्या तैलरंगाचा पट्टा, पांढऱ्या भातासाठी गडद रंगाचे ताट, मोरीपाशी चांगला दिवा आणि प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा. यांतील शेवटची गोष्ट विनाखर्चाची असूनही सर्वांत अवघड जाते, हे लहान मुले असलेल्या घरांना सांगावयास नको.

उताराचे गणित कठीण आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण मानतात. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीस १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. आपल्या गल्ल्यांत तेवढा उतार काढला तर शेजाऱ्याचे दार अडते. चालू शकणाऱ्या रुग्णासाठी तेथे एका उंच पायरीच्या दोन बुटक्या पायऱ्या करून कठडा बसविणे बरे.

पकडदांडी पक्क्या विटांच्या भिंतीतच बसवावी. पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या आडभिंतीवरील दांडी ही दांडी नसण्याहून घातक. शौचालयाचे दार बाहेर उघडणारे असावे; आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम असाव्यात, असे तो सांगतो. भाड्याच्या खोलीतील मोरीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरमालकाची परवानगी लागते, आणि भिंतीला भोक पाडण्याच्या नुसत्या कल्पनेने ती अडते.

यंत्रसामग्रीवर देणगीदाराच्या नावाची पाटी शोभते. पकडदांडीवर पाटी लावता येत नाही. तरीही या कामाच्या साहित्यासाठी व गवंडी-सुतारांच्या मजुरीसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. कुटुंबीयांस विनंती की, रुग्णाला घरी नेण्याच्या दोन दिवस आधी दाराची रुंदी, उंबरठ्याची व पलंगाची उंची मोजून आमच्याकडे द्यावी. मोजपट्टी नसेल तर दोरीला गाठी मारून आणल्या तरी चालतील.