घरातला खेळ आणि मोठ्यांची सोबत



तीन वर्षांच्या मुलांना गृहपाठ मिळू लागला आहे आणि दुकानात ‘शैक्षणिक’ खेळण्यांचे ढीग वाढत आहेत. शिकणं बाहेरून विकत आणावं लागतं, ही समजूत दोन्हींमागे आहे आणि ती मला मान्य नाही. लहान मूल घरातल्या साध्या खेळातून भरपूर शिकतं. मात्र त्या खेळात कोणीतरी मोठं माणूस त्याच्याशी बोलणारं हवं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला मुलांना शिकवताना माँटेसोरींची तत्त्वं घेतली, पण साधनं म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे वापरले. त्या साधनांचं कौतुक आपण आजही करतो. त्यांच्याशेजारी बसून मुलाला बोलतं करणारी ताई मात्र आपल्या नजरेतून निसटते.

मटार सोलताना मूल एका शेंगेतले दाणे मोजतं, दोन तोंडात टाकतं, आणि ‘आता किती उरले?’ असं कोणी विचारलं की वजाबाकी तिथेच घडते. भातुकलीत रिकामी कपबशी चहाची होते. एका वस्तूनं दुसरीची जागा घ्यायची, ही समज इथे रुजते. पुढे कागदावरची खूण आवाजाच्या जागी उभी राहते, तेव्हा मुलाला तिचाच आधार मिळतो. अक्षरं गिरवून घेण्याची घाई करणाऱ्या पालकांना मी हेच सांगेन, की वाचनाची तयारी भातुकलीत चाललेली असते.

‘हे सुखवस्तू घरांचं झालं, दिवसभर मजुरी करणाऱ्या आईला वेळ कुठला?’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला भावनेनं उत्तर देऊन चालणार नाही. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधल्या, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर १९८६-८७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एक तास जाई, घरी बनवलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला शिकवी. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई ही भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली. अभ्यासातल्या काही मुलांना नुसता पूरक आहार मिळाला होता, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. एका अभ्यासावर सारा भार टाकू नये, हे मी जाणते. पण गरिबीत हे जमत नाही, हे म्हणणं मात्र त्यापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो : घरातला खेळ म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक काम. तसं होणार असेल, तर आपण अन्यायच करू. वडिलांनी, आजोबांनी, थोरल्या भावंडांनी यात उतरायला हवं, आणि त्यासाठी वेगळा तास लागत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावल्या तरी पुरे. किंग्स्टनमध्येही कुटुंबाला एकटं सोडलं नव्हतं, दर आठवड्याला दारात माणूस येत होतं. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आहे, गावोगावी अंगणवाडी सेविका आहे, गृहभेटी तिच्या कामात आहेत. पण तिचा दिवस नोंदी भरण्यात आणि आहारवाटपात जातो. म्हणून या अधिवेशनानं शासनाकडे नव्या खेळणी-संचांची मागणी करू नये. सेविकेचं नोंदींचं ओझं कमी करा आणि गृहभेटीतला खेळाचा वेळ तिच्या मानधनात धरा, असा ठराव करावा, अशी माझी सूचना आहे.