आरोग्य संवर्धनाचे उच्च शिक्षण घरबसल्या

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



घरात एखादे मूल हुशार निघाले की आपल्याला दोनच शब्द आठवतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. नीटच्या परीक्षेत नंबर लागला नाही की बी.एस्सी. करायचे, आणि बी.एस्सी. झाली की मुलीसाठी स्थळे पाहायची. अशा पदवीधर मुली आज आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कोणी शास्त्र शाखेच्या, कोणी बी.यू.एम.एस. झालेल्या, कोणी नर्सिंग केलेल्या, तर कोणी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या. पदवीचा कागद कपाटात जपून ठेवलेला असतो आणि शिक्षण तेथेच थांबलेले असते. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या मुलींसाठी. त्यांच्या आईवडिलांनी आणि सासूसासऱ्यांनीही ते ऐकावे, कारण निर्णय पुष्कळदा त्यांच्याच हाती असतो.

विषयाचे नाव आरोग्य संवर्धन. इंग्रजीत त्याला हेल्थ प्रमोशन म्हणतात. दवाखान्यात आलेल्या रोग्याला डॉक्टर औषध देतो. हा विषय त्याच्या आधीचा प्रश्न विचारतो : एकाच गल्लीतली इतकी माणसे आजारी का पडली, आणि पाणी, अन्न, कामाची जागा, शाळा यांत काय बदलले असते तर ती पडली नसती? २१ नोव्हेंबर १९८६ रोजी कॅनडातील ओटावा शहरी जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत एक सनद मांडली गेली. आरोग्य हे एकट्या इस्पितळाचे काम नाही, त्यासाठी सरकारी धोरण, भोवतालची परिस्थिती आणि लोकांची स्वतःची संघटित धडपड लागते, असा तिचा आशय होता. त्यापूर्वीचे आरोग्यशिक्षण म्हणजे बहुधा भिंतीवर ‘हात धुवा’ असे लिहिणे. नळाला पाणी येते की नाही, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

याचे आपल्याच समाजाशी निगडित उदाहरण देतो. २००२ साली भारतात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण सापडले आणि त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले होते. लोकसंख्येच्या मानाने मुस्लिम मुलांचे प्रमाण त्यात फार मोठे होते. लस उपलब्ध होती, फुकट होती, दाराशी येत होती. तरीही दारे बंद होत होती. या थेंबांनी पुढे मूल होत नाही, अशी अफवा पसरली होती. आणखी एक तक्रार होती, ती मला अगदी रास्त वाटते. लोक म्हणत, आमच्या मुलाला ताप आला तर कोणी फिरकत नाही, गटार तुंबले तर कोणी पाहत नाही, मग या दोन थेंबांसाठीच एवढी घाई कशाला? पत्रके वाटून हा प्रश्न सुटणार नव्हता. युनिसेफच्या मदतीने त्याच वस्तीतल्या बायका घरोघर जाऊ लागल्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द कामात उतरली. उलेमांनी आवाहने केली, मशिदींतून सूचना दिल्या गेल्या. पुढे लसीच्या जोडीला जुलाबाचा उपचार, स्वच्छता आणि पाणी यांचेही काम घेतले गेले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जी बाई आपल्याच गल्लीची आहे, सलाम करून आत येते आणि आधी ऐकून घेते, तिच्यासाठी दार उघडले. हेच काम शास्त्र म्हणून शिकवले जाते.

आणि हे काम संपलेले नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत आणि भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली. तीही लसीने टळणारी होती.

अभ्यासक्रमात काय असते? साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, माणसाच्या वागणुकीचे शास्त्र, कार्यक्रमाची आखणी आणि त्याचे मूल्यमापन. वागणुकीच्या शास्त्राची एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी मोफत एक्स-रे काढण्याची सोय होती, तरी पुष्कळ लोक येत नसत. गॉडफ्रे हॉकबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणे शोधली. माणूस मनाशी हिशेब करतो : हा रोग मला होऊ शकतो का, झाला तर किती वाईट, तपासणीने फायदा काय आणि अडचण काय. आपल्याकडच्या मोफत शिबिरांना हा हिशेब लावून पाहा. पाहुण्यांची नावे मोठ्या अक्षरांत, आणि वेळ सकाळी अकराची, म्हणजे नेमकी कारखान्याच्या पाळीची. मग रिकाम्या खुर्च्या पाहून आपण म्हणतो की समाज जागृत नाही.

आता मधुमेह घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. रमजानात त्यांतले कित्येक रोजे ठेवतात आणि औषधाची वेळ स्वतःच्या मनाने बदलतात किंवा गोळीच सोडतात. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. पण हे रोग्याला ठाऊक नसते आणि डॉक्टरला सांगायला वेळ नसतो. शाबान महिन्यातच एका जमातीत डॉक्टर, मौलवीसाहेब आणि रोगी यांना एकत्र बसवायचे, सहरी आणि इफ्तारच्या औषधांचे वेळापत्रक डॉक्टरकडून लिहून घ्यायचे आणि ईदनंतर किती जणांना त्रास झाला ते मोजायचे. एखाद्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाला एवढा विषय पुरेसा आहे, आणि तो तिच्या घरापासून दहा पावलांवर आहे.

घरबसल्या पदवी ही कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नवे आहे ते इंटरनेट. सार्वजनिक आरोग्याची एम.एस्सी. लंडन विद्यापीठातर्फे दूरस्थ पद्धतीने करता येते, तीही दोन ते पाच वर्षांत, एकेक विषय घेत. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठ तर आरोग्य संवर्धनाचीच पदव्युत्तर पदवी ऑनलाइन शिकवते. व्याख्याने रेकॉर्ड केलेली असतात, वाचन पुष्कळ असते, निबंध ठरल्या तारखेला पाठवावे लागतात. इंग्रजीचा अडथळा खरा आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले काही महिने जड जातील. गणिताची धास्ती मात्र अनाठायी आहे.

घरच्या मंडळींना येथे एक विनंती आहे. मुलगी घरातच बसून शिकते, म्हणजे ती रिकामी आहे, असे समजले जाते. पाहुणे आले, उठ. भाऊ जेवायला आला, उठ. भांडी आटोपून रात्री अकराला पुस्तक उघडले तर डोळ्यांत झोप असते. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला आपण बसचे पैसे देतो, तसे हिला रोजचे दोन तास, एक दार आणि स्वतःचा संगणक द्यावा. संपूर्ण पदवी फोनवर वाचून होत नाही.

आता सावधगिरीचा भाग, आणि तो नीट ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असते. परंतु मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही, ती त्या त्या अभ्यासक्रमाला हवी. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. तिच्यात नाव नसेल तर एजंट काहीही सांगो, पैसे भरू नयेत. दुसरे असे की, २०२१ च्या संबद्ध आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने शिकवण्यास आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली. मानसशास्त्र आणि आहारशास्त्र त्यात आले. त्या कायद्याच्या परिशिष्टात कम्युनिटी हेल्थ प्रमोटर आणि आरोग्य शिक्षक यांचीही नावे आहेत. म्हणून आरोग्य संवर्धनाची भारतीय ऑनलाइन पदवी कोणी देऊ केली, तर या मनाईचा तिच्याशी संबंध येतो का, हे लेखी विचारून घ्यावे. परदेशी ऑनलाइन पदवीला २०२५ च्या समकक्षता-नियमांचा आधार मिळत नाही. त्या नियमांना प्रत्यक्ष हजेरीचे शिक्षण अपेक्षित आहे.

तेव्हा माझे मत असे. जिला सरकारी पद किंवा पीएच.डी. हवी आहे, तिने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष एम.पी.एच. करावे, आणि आईवडिलांनी वसतिगृहाला नाही म्हणू नये. जी आधीच दवाखान्यात किंवा सेवाभावी संस्थेत काम करते आहे किंवा जिला पतीबरोबर आखाती देशात राहायचे आहे, तिला परदेशी ऑनलाइन पदवी उपयोगी पडू शकेल. मात्र तेथील मालक ती मान्य करतो का, हे आधी विचारावे. तिची फी काही लाखांत जाते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जात असा अभ्यासक्रम बसतो का, याची चौकशी प्रवेशापूर्वी करावी. आणि ज्यांचे अजून ठरत नाही त्यांनी स्वयम् या सरकारी मंचावर सार्वजनिक आरोग्याचा एखादा विषय घ्यावा. तो शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी लागते. बारा आठवड्यांत आपल्याला हे झेपते की नाही ते कळते.

नोकरीविषयी खोटी आशा दाखवणार नाही. या क्षेत्रातल्या जागा पुष्कळदा कंत्राटी असतात आणि पगार डॉक्टरचा नसतो.

जोहरच्या नमाजनंतर मी संस्थेच्या वाचनालयात थांबणार आहे. तेथील संगणकावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी कशी पाहायची ते दाखवीन. येताना पदवीची गुणपत्रिका आणावी, आणि शक्य असेल तर घरातले एखादे वडीलधारे माणूसही सोबत आणावे.