चौदा कप्पे आणि एक पाइप

मी दांडीचा, बोईसरजवळच्या किनाऱ्यावरचा. ऑफिसात कोणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे तो अमेरिकन अणुप्लांट आहे ना?" अर्धं बरोबर.

तारापूरचे पहिले दोन रिॲक्टर जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिले, 1969 मध्ये सुरू झाले. किल्ली घ्या, चालवा. आपण नाही का लायब्ररी इंपोर्ट करतो, आत काय आहे देव जाणे! 1974 ला पोखरण झालं आणि अमेरिकेकडून येणारं इंधन अडायला लागलं. तिकडे राजस्थानात रावतभाट्याचं काम कॅनडाने अर्ध्यावर सोडलं. तिथला दुसरा रिॲक्टर आपल्या लोकांनी 1981 मध्ये पूर्ण केला, मग 220 मेगावॉटचे तसलेच परत परत बांधले. काम कंटाळवाणं, पण शिकणं झालं ते तिथेच.

मग तारापूरला 540 मेगावॉटचे दोन, पूर्ण आपले. चार नंबर 2005 ला, तीन नंबर 2006 ला. (हो, चार आधी.) आता 220 झूम करून 540 होत नाही. घरच्या टोपात भात नीट शिजतो, लग्नाच्या टोपात एकीकडे करपतो, दुसरीकडे कच्चा. म्हणून रिॲक्टरच्या आत पाण्याचे 14 कप्पे आहेत. प्रत्येकाची पातळी वरखाली करून त्या त्या भागाची पॉवर सांभाळायची. कंट्रोल सिस्टीम म्हणून हे मला जाम आवडतं! याच अनुभवावर पुढे काकरापारचे 700 मेगावॉटवाले उभे राहिले.

या शिकण्याची फी अक्करपट्टी आणि पोफरणनेही भरली. दोन्ही गावं उठली.

आता शेजारची तारापूर एमआयडीसी बघा. औषधं, केमिकल, कापड, स्टील, सगळं बनतं. सांडपाणी मात्र पाइपाने नवापूरच्या समुद्रात. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली, 2022 मध्ये लवादाने भरपाईचा आदेश दिला. सांडपाणी साफ करणं रिॲक्टरपेक्षा अवघड आहे का? नाही. माझं मत सांगतो: तिकडे इंधन अडलं म्हणून शिकावं लागलं. इकडे कोणाचं काय अडतंय? समुद्र फुकट आहे.

कप्प्यांचं हे सगळं मी काकांना सांगितलं. ते जाळं शिवत होते. म्हणाले, "चौदा कप्प्यांचं पाणी मोजता, मग त्या एका पाइपाचं काय रे?"

त्या पाइपाचे आकडे दर तासाला आमच्या फोनवर दिसू द्या. ॲप मी फुकट लिहून देतो.