गृहस्थाश्रमी कर्मवीर
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)

'तरुणांना घडविणारा गृहस्थ' या विषयावर मी बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली आणि एकच नाव मनात उभे राहिले : कर्मवीर भाऊराव पाटील. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाच्या कार्याचा आलेख आपणांस परिचित आहेच. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्माजींनी त्यास राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव दिले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. आज मला बोलावयाचे आहे ते त्या वटवृक्षाच्या मुळाशी असलेल्या एका घराविषयी.

समाजकार्यास वाहून घेतलेला मनुष्य घरास पारखा होतो, असा आपला अनुभव असतो. भाऊरावांनी घर सोडले नाही, घराचा उंबरठा रुंद केला. वसतिगृहातील मुले त्यांना 'अण्णा' म्हणत आणि लक्ष्मीबाईंना 'वहिनी'. अनेक जातींची, निरनिराळ्या धर्मांची ही मुले एकाच पंक्तीस बसत. जुन्या वळणाच्या जैन घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना सोवळ्याओवळ्याचे संस्कार ओलांडणे किती जड गेले असेल, याची कल्पना येथे बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींना येईल. तरीही त्यांनी ते ओलांडले. मुलांसाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले. पुढे वसतिगृहात धान्य उरले नाही, तेव्हा त्या माउलीने गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेचा बहर पाहणे त्यांच्या भाग्यी नव्हते. कर्मवीरांचा गौरव करताना या कार्याची पहिली देणगीदार त्यांच्या घरातच होती, हे आपण विसरू नये.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. आपण सर्व घरचेच आहोत, म्हणून सांगतो. विद्यार्थीदशेत भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते जाऊन आले. परतल्यावर स्नान करण्याचा आग्रह झाला. तो त्यांनी मानला नाही आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ज्या मुलास आपल्या समाजाच्या वसतिगृहात जागा राहिली नाही, त्यानेच पुढे हजारो मुलांना जागा दिली. हा प्रसंग आपण व्यासपीठावरून क्वचितच सांगतो. सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसा आत्मपरीक्षणाचाही क्षण असतो.

अण्णांची घडविण्याची रीतही पाहण्यासारखी होती. मुलांनी स्वयंपाक करावा, शेतात राबावे, दगड-माती वाहावी आणि त्या श्रमावर शिकावे. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य भिंतीवर लिहिण्यापूर्वी ते हातांवरच्या घट्ट्यांत उमटत असे. फुकट मिळालेल्या अन्नाने मुलाची मान खाली जाते, कष्टाने मिळविलेल्या अन्नाने ती ताठ राहते, हे त्यांनी जाणले होते. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या गृहस्थाच्या छायेत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला.

बंधू-भगिनींनो, आपल्या धर्माने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. आपला ट्रस्ट शिष्यवृत्तीच्या रूपाने ज्ञानदान करतो, ही निःसंशय पुण्याची गोष्ट आहे. परंतु धनादेश देऊन छायाचित्र काढल्यानंतर त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? तो नापास झाला तेव्हा त्याच्या पाठीवर कोणी हात ठेवला? शहरात नवखा असताना सणाच्या दिवशी तो कोणाच्या घरी जेवला? मुलाच्या मनातील भीती जाणे, हेही अभयदानच आहे, आणि त्यास धनादेश पुरत नाही. त्यासाठी एक माणूस लागतो आणि त्या माणसाचे घर लागते.

म्हणून माझी एक नम्र विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक विश्वस्त कुटुंबाने एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. केवळ शुल्काची नव्हे, त्याच्या सुखदुःखाची. तो कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा, हे विचारू नये. निर्णय मात्र घरातील माउलीस विचारून घ्यावा, कारण अखेर ताट वाढावयाचे असते ते तिलाच. आणि जमल्यास ते ताट आपणही वाढावे.