मोटारसायकलचे टायर : डांबर आणि काळें रान

सोलापूरहून पुणें, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूर अशा चारी दिशांना रुंद महामार्ग गेले आहेत. परंतु त्या महामार्गांवरून कोसभर आंत वळलें कीं, चाकाखालची जमीन एकदम निराळी होते. कोठें मुरुमाची वाट, कोठें उघडी पडलेली खडी, तर कोठें शेताच्या बांधालगतची नुसती गाडीवाट. दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालाव्या अशा बेतानें केलेल्या उंच मोटारसायकली आतां शहरांतील अनेक घरांच्या दारांत दिसूं लागल्या आहेत. रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं आणि हीरोची ‘एक्सपल्स २००’ २०१९ सालीं बाजारांत आली, तेव्हांपासून हा शौक मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आला. मात्र गाडी घेतांना घरांत जितका खल होतो, त्याच्या शतांशही तिचा पहिला टायर झिजल्यावर होत नाहीं. वास्तविक गाडीची आणि रस्त्याची गांठ पडते ती तळहाताएवढ्या दोनच जागांवर. बाकीचें सारें यंत्र त्यांच्याच भरंवशावर असतें.

दुकानांत तरुण गिऱ्हाइकाची नजर प्रथम जाते ती बटन टायरवर. उंच, सुट्या सुट्या ठोकळ्यांचा तो टायर दिसावयास मोठा रुबाबदार, यांत शंका नाहीं. सैल मातींत ते ठोकळे रुतून पकड घेतात, हेंही खरें. पण डांबरावर रुतावयास कांहीं नसतें. तेथें रबर रस्त्याला भरपूर टेकावें लागतें आणि आपला आकार न सोडतां टेकून राहावें लागतें. ठोकळ्यांमधील रिकामी जागा टेकत नाहीं; उंच ठोकळे तर ब्रेक लागतांच वांकतात. पहिल्या पावसानें धूळ आणि तेल एक होऊन रस्ता निसरडा झाला असतां एखादें ढोर आडवें आलें, म्हणजे गाडी थांबावयास लागणारें अंतर नेमकें तेव्हां वाढलेलें असतें. वडीलधाऱ्यांनीं बटन टायरला हरकत घ्यावयाची तर ती या कारणासाठीं घ्यावी, त्याच्या घरघरीसाठीं नव्हे. शिवाय मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तशा तापलेल्या डांबरावर ते महागडे ठोकळे पाहतां पाहतां झिजून जातात.

यावर कोणी म्हणेल कीं, पावसाळ्यांत काळ्या रानांतून जावयाचें तर बटन टायरवांचून गत्यंतर नाहीं. येथेंच सोलापूरच्या मातीचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. ही माती बेसाल्ट खडकाच्या झिजेंतून झालेली आहे. तिच्यांतील चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आकसून तिला भेगा पडतात. पाऊस सरल्यानंतरही शाळू पोसला जावा इतकी ओल ती धरून ठेवते, म्हणून शेतकऱ्याला ती लक्ष्मी. पण हाच गुण चाकाला बाधतो. इतर चिखल फिरत्या चाकावरून उडून जातो व ठोकळे पुन्हां मोकळे होतात. काळी माती उडत नाहीं. ती खाचांत बसते, तिच्यावर आणखी थर चढतो, आणि थोड्याच अंतरावर बटन टायर आणि गुळगुळीत टायर यांत भेद उरत नाहीं. पुढें ती मडगार्डखालीं ठासून भरते आणि चाकच अडतें. अशा वेळीं टायर बदलून उपयोग नाहीं, दिवस बदलावा. शेतकरी वाफसा येईपर्यंत औत घालीत नाहीं. मोटारसायकलस्वारानेंही तेवढें थांबावें.

तेव्हां डांबर सोडून चालावयाचें म्हणजे सोलापुरांत बहुतेक वेळां कोरडा मुरूम, खडी आणि दगडगोटे. त्यासाठीं मध्यम खोल खाचांचा, मधोमध ठोकळे जवळ जवळ असलेला मिश्र टायर पुरा पडतो. (नान्नजचा माळ मोकळा दिसतो, पण १९७९ सालीं तेथें माळढोकासाठीं अभयारण्य झालें आहे. त्या गवतांत कोणताच टायर घालूं नये.) विक्रेते ‘ऐंशी-वीस’, ‘पन्नास-पन्नास’ असे आंकडे सांगतात, तो ज्याच्या त्याच्या कारखान्याचा अंदाज होय. त्यापेक्षां महिनाभर वहींत डांबरी आणि कच्चे किलोमीटर वेगळे मांडावे. बहुतेकांच्या वहींत कच्चा रस्ता पांचांत एक हिस्साही भरणार नाहीं. जो खरोखरच दर आठवड्यास माळ आणि ओढे तुडवितो, त्यानें बटन टायर खुशाल घ्यावा. पण मग महामार्गावर वेग आंवरावा.

मागचा टायर आधीं झिजतो, म्हणून तोच वारंवार नवा होतो आणि पुढचा वर्षानुवर्षे तसाच राहतो. ही काटकसर खोटी आहे. ब्रेक लागतांच भार पुढें येतो. थांबणें आणि वळणें बव्हंशीं पुढच्या टायरवर अवलंबून असतें.

माप मात्र गाडीच्या पुस्तिकेंतलेंच घ्यावें. ‘९०/९०-२१’ याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि रिम २१ इंची. बाजूस कोरलेल्या चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे दुकानांत पडून कडक झालेलें रबर स्वस्तांत मिळालें तरी घेऊं नये.

बांधावरच्या बाभळीचा कांटा टायरची जात पाहत नाहीं. स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, आणि आडगांवच्या पंक्चरच्या दुकानांत २१ इंची ट्यूब मिळेलच असें नाहीं. ती जवळ बाळगावी व बदलण्याची संवय आधीं घरींच करावी. खडीवर उतरतांना हवा पांचसहा पौंडांनीं कमी केली म्हणजे टायर पसरून पकड वाढते. परतीच्या वाटेवर मात्र महामार्गाच्या तोंडाशीं थांबून, पंपानें हवा पुस्तिकेंतील आंकड्यावर आणावी. कमी हवेचा टायर वेगांत आंतून तापतो, आणि तें स्वाराला वरून कळत नाहीं.